नकार देण्याची सोय

सप्टेंबर 2025 मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी 250 कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले 100 कोटी दंडाचे, उरलेले 150 कोटी ग्राहकांना परत करायचे. आयोगाचा आरोप असा होता की ‘प्राइम’चं सदस्यत्व लोकांच्या नकळत त्यांच्या गळ्यात मारलं जातं आणि ते सोडायला निघालेल्याला मुद्दाम दमवलं जातं. आत यायला एक-दोन क्लिक पुरत. बाहेर पडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत. या बाहेर पडण्याच्या वाटेला कंपनीतले लोक ‘इलियड’ म्हणत, होमरच्या लांबलचक युद्धकाव्यावरून. कंपनीने गुन्हा कबूल केलेला नाही, फक्त पैसे भरले. मला मात्र दंडाच्या आकड्यापेक्षा ते नावच जास्त बोलकं वाटतं. वाट किती लांब आहे हे माहीत असल्याशिवाय कुणी तिला असं नाव देत नाही.

व्यापारी संकेतस्थळांवरच्या विक्रीच्या चांगल्या-वाईट रीतींवर बोलताना चर्चा बहुधा जाहिराती, सवलती आणि सजावट यांच्याभोवती फिरते. मी हल्ली आधी एकच गोष्ट तपासते : ग्राहकाला ‘नको’ म्हणायचं असेल तर किती कष्ट पडतात? विमा नको, दरमहा वर्गणी नको, मेसेज नकोत, घेतलेली वस्तूही आता नको. ‘हो’ म्हणणाऱ्या ग्राहकाशी तर सगळेच गोड वागतात. दुकानदार कसा आहे ते नकार देणाऱ्याला कळतं.

हा प्रश्न इंटरनेटवरच्या दुकानांहूनही जुना आहे. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या संगणक-जाळ्यावरच्या सुमारे 400 जणांना कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात ईमेलने धाडली. कुणी मागितली नव्हती. लोक चिडले, पण विक्री झाली, आणि पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींतच बीजरूपाने आहे. ऑक्टोबर 1994 मध्ये ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टीची पहिली बॅनर जाहिरात झळकली. तेव्हा ती पाहणाऱ्या शंभरातल्या चाळीसहून अधिक जणांनी तिच्यावर क्लिक केलं, असं सांगतात. आज बॅनरवर शंभरात एकानेही क्लिक केलं तर विक्रेता खूश होतो. लोकांचं लक्ष आटत गेलं तसा ते हिसकावून घेण्याचा आटापिटा वाढला. 1999 मध्ये सेथ गोडिन यांनी ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकात उलटी बाजू मांडली : आधी परवानगी घ्या, मग बोला. विचार साधा होता आणि तो पाळणारे धंदे टिकलेही. पण 2010 मध्ये ब्रिटनच्या हॅरी ब्रिग्नल यांना संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांची यादी करायला बसावं लागलं. ‘डार्क पॅटर्न’ हे नाव त्यांनीच दिलं.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि तेरा प्रकार नोंदवले. तेराही इथे उतरवून काढत नाही, पण त्या दस्तऐवजातली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. विमानाचं तिकीट काढताना विमा न घेणाऱ्याला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या बटणावर बोट ठेवायला लावणं. देणगी नाकारणाऱ्याकडून ‘दानधर्म श्रीमंतांसाठी असतो, मला पर्वा नाही’ असं वदवून घेणं. न मागितलेली वस्तू किंवा सेवा गुपचूप कार्टमध्ये टाकणं. हे शेवटचं म्हणजे वाण्याने आपली नजर चुकवून पिशवीत साबणाची जादा वडी सारणं आणि तिचेही पैसे लावणं. त्या वाण्याला आपण दुसऱ्या दिवशी जाब विचारला असता. पडद्यावर तेच घडतं तेव्हा आपण ‘माझंच लक्ष नव्हतं’ म्हणून गप्प बसतो, आणि हा स्वतःकडे ओढून घेतलेला दोष विक्रेत्याच्या फार सोयीचा असतो.

सर्वांत जास्त पैसा ज्या रीतीने निघतो, ती म्हणजे किंमत तुकड्या-तुकड्याने सांगणं. आधी वस्तूचा दर. पत्ता भरून झाला की घरपोच आकार, मग हाताळणी शुल्क, मग प्लॅटफॉर्म शुल्क, आणि पैसे भरायच्या पानावर आणखी काहीतरी. तोवर माणसाची पंधरा मिनिटं गेलेली असतात, मुलांना ‘तिकीट काढतोय’ असं सांगूनही झालेलं असतं. आता मागे कोण फिरणार? हे फक्त अनुमान नाही. तिकिटांची फेरविक्री करणाऱ्या ‘स्टबहब’ या अमेरिकी संकेतस्थळाने 2015 मध्ये लाखो ग्राहकांवर याची चाचणी घेतली. काहींना पूर्ण रक्कम पहिल्यापासून दाखवली, तर काहींना शुल्क अगदी शेवटी. ज्यांना शेवटी कळलं त्यांनी सुमारे 21 टक्के जास्त खर्च केला. ते जास्त महागडी तिकिटं निवडत होते, कारण निवडतानाचा आकडा खोटा होता. प्रयोग संपल्यावर कंपनी शुल्क शेवटी दाखवण्याकडेच वळली. हा अभ्यास 2021 मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाकडे डोळेझाक करून कुणी ‘प्रामाणिकपणाच शेवटी फायद्याचा’ असं सांगू लागलं, तर ते मला पटत नाही. लबाडी फायद्याची असते, म्हणूनच ती इतकी पसरली. एकटा विक्रेता पूर्ण किंमत आधी सांगू लागला, तर तुलनेच्या यादीत तो महाग दिसतो आणि खाली ढकलला जातो. ज्याने मापात पाप केलं तो वर राहतो. अशा बाजारात सज्जनपणाची शिक्षा सज्जनालाच होते. यातून बाहेर पडायचा रस्ता एकच : नियम सगळ्यांना सारखा लागू व्हावा. अमेरिकेत 12 मे 2025 पासून कार्यक्रमांची तिकिटं आणि अल्पकालीन निवास यांच्या जाहिरातीत सर्व शुल्कांसह एकूण किंमत दाखवणं सक्तीचं झालं आहे. एकाच दिवशी सगळ्यांना लागू. त्यामुळे प्रामाणिक राहण्याचा तोटा कुणा एकट्याला सोसावा लागत नाही.

आपल्याकडे 2025 मध्ये प्राधिकरणाने लहान मुलांच्या वस्तू विकणाऱ्या ‘फर्स्टक्राय’ला दोन लाख रुपयांचा दंड केला. तिथे किमतीजवळ ‘सर्व करांसह’ असं लिहिलेलं असे, आणि पैसे भरताना सवलतीच्या किमतीवर जीएसटी वेगळा लागे. 27 टक्क्यांची दाखवलेली सवलत प्रत्यक्षात 18 टक्क्यांच्या आसपास उतरत होती. निर्णय अचूक आहे, पण दोन लाख ही रक्कम एवढ्या कंपनीच्या हिशेबात किती भरणार, हा प्रश्न उरतोच.

या रीतींचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. शिकागो विद्यापीठातल्या जेमी लुगुरी आणि लिओर स्ट्रॅहिलेविट्झ यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी महत्त्वाचा आहे. त्यांनी लोकांसमोर माहिती-सुरक्षेची एक सशुल्क योजना ठेवली. सरळ विचारलं तेव्हा सुमारे 11 टक्क्यांनी ती घेतली. थोडीशी लबाड मांडणी केली तेव्हा जवळपास 26 टक्क्यांनी. नकारासाठी पानामागून पानं ओलांडायला लावली तेव्हा 42 टक्क्यांनी. पण त्या तिसऱ्या गटातले लोक संतापले आणि दुसऱ्या गटातले संतापले नाहीत. म्हणजे सौम्य लबाडी दुपटीहून जास्त विक्री करून देते आणि तिचा राग कुणाला येत नाही. शिवाय कमी शिकलेले लोक त्या सौम्य लबाडीला जास्त सहज बळी पडले. संकेतस्थळांच्या रीती तपासताना मोठ्या, किळसवाण्या फसवणुकीवरच बोट ठेवून आपण थांबतो. खरं नुकसान मात्र फिक्या राखाडी रंगात छापलेल्या ‘नको, धन्यवाद’ या न दिसणाऱ्या ओळीमुळे होतं.

मराठी वाचकांना हे आणखी जवळून लागू पडतं. 2020 च्या अखेरीस मोठ्या खरेदी-संकेतस्थळांवर मराठी हवी म्हणून आंदोलन झालं आणि 2021 मध्ये फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन या दोघांनीही मराठी आणली. ही चांगली गोष्ट झाली. पण अनेक ठिकाणी मराठी दर्शनी भागापुरतीच असते. ‘आता खरेदी करा’ मराठीत, आणि परतीच्या अटी, वर्गणीचं आपोआप नूतनीकरण, तक्रार कुठे करायची हे सगळं इंग्रजीत. मनोर किंवा मुखेडमध्ये राहणाऱ्या, नुकतंच फोनवरून खरेदी करू लागलेल्या बाईला बोलावताना तिची भाषा वापरायची आणि बांधून घेताना दुसरी, ही रीत तेरा प्रकारांच्या यादीत नाही. मी ती चौदावी मानते.

खोटी घाई हा प्रकार सगळ्यांच्या परिचयाचा आहे : ‘फक्त 2 शिल्लक’, ‘37 जण आत्ता हेच पाहत आहेत’, खाली पळणारं घड्याळ. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये सुमारे 11 हजार खरेदी-संकेतस्थळं संगणकाकरवी तपासली, तेव्हा त्यांना फसव्या रचनांची 1,818 उदाहरणं सापडली. काही घड्याळं शून्यावर येऊनही सवलत तशीच राहत होती. ‘अमुक गावच्या अमुक ग्राहकाने नुकतंच हे घेतलं’ अशा काही पाट्या तर निव्वळ यदृच्छेने तयार होत होत्या, त्यामागे कुणी ग्राहकच नव्हता. या संशोधनातली आणखी एक बाब मला गंभीर वाटते. अशा रचना तयार माल म्हणून विकणाऱ्या 22 त्रयस्थ कंपन्या त्यांना आढळल्या. म्हणजे इचलकरंजीत कापड विकणारा छोटा व्यापारी संकेतस्थळ बनवून घेतो, बनवणारा मुलगा त्यात एक प्लग-इन जोडून देतो, आणि व्यापाऱ्याला पत्ताही नसताना त्याच्या नावाने खोटं बोललं जाऊ लागतं. माझी अशा प्रत्येक व्यावसायिकाला विनंती आहे : आपलं संकेतस्थळ एकदा ग्राहक म्हणून उघडा आणि तिथे लिहिलेला प्रत्येक आकडा कुठून येतो ते बनवणाऱ्याला विचारा. ‘2 शिल्लक’ असं लिहिलं असेल तर गोदामात दोनच असले पाहिजेत.

सवलतीच्या खोडलेल्या किमतीबाबत युरोपने चांगला तोडगा काढला. तिथे 28 मे 2022 पासून सवलत जाहीर करताना आधीच्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. मग सणाच्या आदल्या आठवड्यात दर चढवून सणाला तो उतरवण्याचा खेळ चालत नाही. आपल्याकडे खोडलेली किंमत बहुधा छापील कमाल किंमत असते, आणि ती छापायची उत्पादकाने स्वतःच. ‘70 टक्के सूट’ हा आकडा त्यामुळे बऱ्याचदा काहीच सांगत नाही. तीस दिवसांचा हा नियम भारतात आणायला कोणतं अवघड तंत्रज्ञान लागत नाही. प्रत्येक संकेतस्थळाकडे ती नोंद असतेच.

खोट्या अभिप्रायांबद्दल थोडक्यात. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक राहिलं. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांची खरेदी-विक्री ऑक्टोबर 2024 पासून नियमानेच बंद आहे. ऐच्छिक मानक पाळतो तो मुळात पाळणाराच असतो.

चांगल्या रीती दिसायला साध्या असतात म्हणून त्यांच्यावर कमी लिहिलं जातं. पहिल्याच पानावर पूर्ण किंमत. पिनकोड टाकला की घरपोच आकार लगेच, नाव-फोन मागण्याआधी. खातं न उघडता खरेदीची मुभा. वस्तूचा फोटो हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो. वाईट अभिप्रायही जागेवर आणि त्याखाली विक्रेत्याचं नीट उत्तर. परतीची अट चार ओळींत. ईमेलच्या तळाशी एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय, पुन्हा पासवर्ड न मागता. डेन्मार्कची बेमार्ड इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षं मोजत आली आहे की भरलेल्या दर दहा कार्टपैकी साधारण सात अर्धवट सोडल्या जातात, आणि कारणांत सर्वांत वर असतो शेवटी समोर आलेला जादा खर्च. ‘स्टबहब’चा प्रयोग आणि हा आकडा एकमेकांना खोडत नाहीत. लबाडीने काही जण जास्त पैसे देऊन जातात आणि बाकीचे चिडून निघून जातात. निघून गेलेल्यांची मोजदाद महिन्याच्या अहवालात होत नाही, एवढंच.

चांगल्या रीतीचं मला आवडलेलं उदाहरण कोकणातलं आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसऱ्या राज्यांतला आंबा ‘देवगड’ म्हणून ऑनलाइन आणि ऑफलाइन विकला जाणं थांबलं नाही. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात फळावर स्वतंत्र क्रमांकाचं छेडछाड-रोधक स्टिकर लावायला सुरुवात केली. ग्राहकाने तो क्रमांक तपासायचा, आणि फळ कुणाच्या बागेतलं ते कळायचं. ‘अस्सल’, ‘शंभर टक्के खात्रीचा’ असे शब्द वापरायला काही खर्च येत नाही. फळामागून फळ क्रमांक देणं खर्चिक आहे, आणि खोटेपणा उघडा पडायचा धोका त्यात विक्रेता स्वतःवर घेतो. जाहिरातीतलं विधान ग्राहकाला स्वतः पडताळता येणं, यापेक्षा चांगली विक्रीकला मला माहीत नाही.

आता कायद्याचं. ई-कॉमर्स नियम जुलै 2020 मध्येच आले. संमतीचा चौकोन आधीच टिक करून ठेवायला त्यांनी मनाई केली आणि तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात असं बंधन घातलं. पुढे 2023 ची तत्त्वं आली. तरीही जाहिरात मानक परिषदेच्या अकादमीने 2024 मध्ये 53 मोठी भारतीय अ‍ॅप्स तपासली, तेव्हा 52 मध्ये किमान एक तरी फसवी रचना निघाली. जून 2025 मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं आणि वर्षाअखेर 26 मोठ्या संकेतस्थळांनी ‘आमच्याकडे असं काही नाही’ अशी घोषणापत्रं दिली. ज्याने फसवायचं त्यानेच स्वतःला निर्दोष ठरवायचं, ही पद्धत मला मान्य नाही. तपासणी बाहेरच्या माणसाने करावी आणि तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळावा. ऑगस्ट 2025 मध्ये ‘रॅपिडो’ला दहा लाखांचा दंड झाला. ‘पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर 50 रुपये’ या जाहिरातीतले पन्नास रुपये प्रत्यक्षात ‘पन्नासपर्यंत’ होते आणि तेही सात दिवसांत संपणारी, फक्त बाइकसाठी चालणारी नाणी होती. असे निर्णय दर महिन्याला यायला हवेत, वर्षातून दोन-चार नव्हेत.

नियमाने खरोखर फरक पडलेलं उदाहरणही आपल्याच देशात आहे, आणि ते ग्राहक खात्याचं नसून रिझर्व्ह बँकेचं आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान 24 तास आधी ग्राहकाला द्यावी लागते आणि ठरावीक रकमेपुढे त्याची पुन्हा संमती लागते. ती मर्यादा आधी 5,000 होती, जून 2022 मध्ये 15,000 झाली. नियम लागू झाला तेव्हा अनेक परदेशी सेवांची वसुली अडली आणि बरीच ओरड झाली. आज त्या नियमामुळे विसरलेल्या वर्गण्या लोकांच्या लक्षात येतात, आणि बाहेर पडायचा दरवाजा विक्रेत्याच्या घरात नाही, बँकेत असतो. यूपीआय ऑटोपेचंही तसंच. मंजुरी ज्या अ‍ॅपमधून दिली तिथूनच ती रद्द करता येते, विक्रेत्याला फोन करून त्याचं मन वळवावं लागत नाही. फसव्या रचनांवरची सगळी तत्त्वं याच धर्तीवर लिहिली गेली पाहिजेत. ‘नकार कठीण करू नका’ असा उपदेश पुरत नाही. नकाराची कळच विक्रेत्याच्या हातातून काढून घ्यावी लागते.

महाराष्ट्रात ग्राहक चळवळ नवीन नाही. ग्राहक पंचायतीचं काम पुण्या-मुंबईत 1970 च्या दशकाच्या मध्यापासून सुरू आहे, ग्राहक संरक्षण कायदा 1986 मध्ये येण्याच्याही दशकभर आधीपासून. तेव्हा कार्यकर्त्यांनी वजनं-मापं आणि भेसळ तपासली. आज तीच चिकाटी कार्ट आणि चेकबॉक्सपाशी हवी. महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी पन्नास संकेतस्थळांवर सदस्य होऊन, मग सदस्यत्व सोडून, किती क्लिक लागले ते मराठीत छापलं, तर प्राधिकरणाच्या कितीतरी सल्लापत्रांपेक्षा ते जास्त परिणामकारक ठरेल.

तोवर प्रत्येकाला करता येण्याजोगं एक काम आहे. कार्टमध्ये न मागितलेलं काही दिसलं, शेवटच्या पानावर किंमत वाढली, रद्द करण्याची वाट सापडली नाही, तर लगेच स्क्रीनशॉट घ्या. विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, कारण त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. रक्कम 49 रुपयांची असली तरी करा, कारण असे 49 रुपये एकाच संकेतस्थळावर हजारो लोकांकडून घेतले जात असतात आणि तक्रारींचा आकडा दिसल्याशिवाय प्राधिकरण हलत नाही.